जुन्या मॉरिसची तपकिरी तार

आपल्या बेटावरून ऑस्ट्रेलियात गेलेली पुष्कळ कुटुंबे मेलबर्नच्या परिसरात स्थायिक झाली आहेत. त्या शहराच्या नैर्ऋत्येस समुद्रकाठी पॉइंट कुक हे उपनगर आहे. १९१४ साली तेथे लष्करी वैमानिकांचे शिक्षण सुरू झाले. आता तेथे नव्या घरांच्या रांगा आहेत आणि पुष्कळ घरांना गॅरेज अगदी चिकटून असते. गॅरेजातल्या जुन्या मोटारीची वायर पेटली तर धूर थेट झोपण्याच्या खोलीत यायचा!

व्हिक्टोरिया राज्यात २५ वर्षांहून जुनी मोटार क्लब परवान्यावर वर्षाला ४५ किंवा ९० दिवस चालवता येते. एरवी ती घरीच उभी. घराच्या पक्क्या वायरिंगला तेथे परवानाधारक वायरमनच लागतो. आपल्या मोटारीच्या १२ व्होल्टचे काम मात्र घरधनी स्वतः करतो. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पण बॅटरी शॉर्ट झाली की शेकडो अँपिअर वाहतात आणि तार लालबुंद होते.

१९४८ साली निघालेली मॉरिस मायनर आपल्या जुन्या मंडळींच्या परिचयाची आहे. तिच्यात काळी तार अर्थिंगची, हिरवी फ्यूजमधून आलेली आणि तपकिरी थेट बॅटरीची. या तपकिरी तारेला फ्यूजच नसतो! तिचे सुती वेष्टण विरून ती पत्र्याला टेकली, तर तिला अडवणारे कोणी नाही. म्हणून काम करण्याआधी बॅटरीची अर्थिंगची पट्टी प्रथम सोडवावी. मग पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. मूळच्या मायनरमध्ये ही पट्टी बॅटरीच्या धन टोकाला असते, ऋण टोकाला नव्हे. हे न पाहता नवा रेडिओ जोडला तर तो जळतो.

बाकी निम्मे रडगाणे गंजाचे असते. खारा वारा काय करतो ते आपणा बेटवासीयांना का सांगायला हवे? सिग्नल दिला की शेजारचा दिवाही मिणमिणतो, कारण परतीची वाट बंद झाल्यामुळे वीज दुसऱ्या बल्बातून वाट काढते. अशा वेळी नवा बल्ब आणण्यापूर्वी अर्थिंगचा स्क्रू काढावा, खालचा धातू पॉलिश पेपरने चकचकीत करावा आणि स्क्रू घट्ट आवळावा. खर्च जवळजवळ शून्य.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी गुंडाळणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या हातात आम्ही सायकलचा दिवासुद्धा देणार नाही. बॅटरीजवळ एक कटऑफ स्विच मात्र अवश्य बसवावा आणि गॅरेजचे दार लावण्याआधी तो बंद करावा.