टी. व्ही. चालूच होत नाही : आधी काय पाहावे आणि हात कुठे घालू नये



मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे गावोगावी टी. व्ही. आले, तेव्हा ‘आमची माती, आमची माणसं’ बघायला एकाच घराच्या ओट्यावर सारी आळी जमायची. आता निफाड, दिंडोरीकडच्या मळ्यातल्या वस्तीवरही भिंतीला सपाट एल. ई. डी. संच दिसतो. संच बदलला, पण वळवाचा वारा सुटून तारा एकमेकींना घासल्या की दुसऱ्या दिवशीची तक्रार तीच : “काल चांगला चालू होता, आज लाल दिवासुद्धा लागत नाही.”

अशा वेळी दोन चुका हटकून होतात. एक, संच थेट दुकानात नेऊन ‘बोर्ड गेला’ हे ऐकून पैसे मोजायचे. दुसरी त्याहून वाईट. घरातला हुशार मुलगा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मागचे झाकण उघडतो. पहिल्या चुकीत पैसा जातो, दुसरीत जीव जाऊ शकतो. म्हणून हा विषय थोडा खुलासेवार सांगत आहोत.

पहिली पाहणी संचाची नव्हे, लाईटीची

प्लग काढा आणि त्याच सॉकेटमध्ये टेबल-लॅम्प किंवा मोबाईलचा चार्जर लावून पाहा. तो चालत नसेल तर दोष सॉकेटचा, बटणाचा किंवा आतल्या सैल वायरचा आहे. एक्स्टेन्शन बोर्डावर भरवसा ठेवू नका, संच भिंतीवरच्या सॉकेटला लावून पाहा.

घरातले दिवेही पाहून घ्या. एका घरात दिवे भगभगीत आणि शेजारी मिणमिणते असतील, तर डीपीवरचा किंवा वाटेतला न्यूट्रल तुटला असण्याचा मोठा संभव आहे. डीपीवरून तीन फेज येतात आणि सर्व घरांचा न्यूट्रल एकच असतो. तो तुटला की दोन फेजमधला सुमारे ४०० व्होल्टचा दाब दोन फेजवरच्या घरांत विभागला जातो. ज्या बाजूला कमी उपकरणे चालू, त्या बाजूला दाब जास्त. २३० व्होल्टच्या जागी तीनशेच्या वर दाब आला की टी. व्ही., फ्रीज, पंखा सगळेच धोक्यात. लगेच मेन स्विच बंद करावा, शेजाऱ्यांना हाक मारून सांगावे आणि वायरमनला किंवा महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवावे. डीपीवर स्वतः चढू नये.

मग लाल दिवा पाहा

लाल दिवा लागतो, पण संच उठत नाही : रिमोटचे सेल बदला, संचावरच्या बटणाने चालू करून पाहा. पडदा निळा किंवा ‘सिग्नल नाही’ असा असेल तर टी. व्ही. ठीक आहे, सेट-टॉप बॉक्स किंवा त्याची वायर तपासा.

आवाज येतो, चित्र नाही : खोलीत अंधार करून पडद्यावर तिरपी बॅटरी मारा. अंधुक चित्र दिसले तर मागच्या उजेडाच्या पट्ट्या किंवा त्यांना वीज देणारा भाग गेला आहे.

दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो : आत काही दोष सापडल्यामुळे संच स्वतःला रोखून धरतो. किती वेळा लुकलुकतो ते मोजून मेकॅनिकला सांगा.

दिवाच नाही : प्लग काढा, संचावरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा, दहा मिनिटांनी पुन्हा लावा. तरी मुका असेल तर पॉवर सप्लायचा दोष धरून चाला. घरच्या माणसाचे काम इथे संपले.

आत काय घडते?

पॉवर सप्लायचे काम पाण्याच्या हिशेबाने समजून घेऊ. २३० व्होल्टची वीज आधी फ्यूजमधून जाते. जवळच व्हॅरिस्टर नावाची छोटी चकती असते. दाब फार वाढला की ती स्वतः शॉर्ट होते आणि फ्यूज उडवते. पुढे वीज एकदिश होऊन मोठ्या कंडेन्सरमध्ये साठते. हा आपला हौद. त्यात सुमारे ३२५ व्होल्ट असतात. हौदातली वीज एक ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि लहान ट्रान्सफॉर्मरमधून ५, १२, २४ अशा कमी व्होल्टची वीज बाहेर पडते.

हे ध्यानात आले की मेकॅनिकचे बोलणे कळते. फ्यूजची काच काळी पडली असेल तर पुढे काहीतरी पूर्ण शॉर्ट आहे : चकती, डायोड किंवा ट्रान्झिस्टर. नुसती चकती व फ्यूज गेले असतील तर ती राखणदारी करून गेली, दुरुस्ती स्वस्तात होते. फ्यूज शाबूत, पण पुढे वीज नाही, तर सुरुवात करून देणारा रेझिस्टर किंवा आय. सी. पाहावी लागते. कमी व्होल्टच्या बाजूचे कंडेन्सर डोक्यावर फुगले असतील तर संच उशिरा सुरू होतो किंवा उठून पडतो. जाणता मेकॅनिक नवा फ्यूज घालून लगेच वीज देत नाही. आधी सिरीजमध्ये साधा काचेचा बल्ब लावतो. बल्ब भकन पेटून तसाच राहिला तर शॉर्ट अजून आहे. क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही.

झाकण का उघडू नये?

प्लग काढला म्हणजे वीज गेली, असे नव्हे. मोटर बंद केली तरी हौद भरलेलाच राहतो. बिघडलेल्या संचात ते ३२५ व्होल्ट बराच वेळ टिकून राहू शकतात. त्या कंडेन्सरच्या दोन टोकांना हात लागला तर घरातला ई. एल. सी. बी. पडत नाही, कारण ती वीज लाईनची नसून साठलेली आहे. तसेच फ्यूजच्या जागी तार गुंडाळणे म्हणजे घराला आग लावण्याची तयारी.

शेवटी चार गोष्टी

१. वीज कडाडू लागली की प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढून ठेवा. नुसते बटण बंद करणे पुरत नाही.
२. घराचे अर्थिंग तपासून घ्या.
३. दुरुस्तीनंतर बदललेले भाग परत मागा आणि काय बदलले ते बिलावर लिहून घ्या.
४. एकाच वस्तीवर दोन-तीन घरांचे संच एकदम गेले, तर दुरुस्तीआधी न्यूट्रलची तपासणी करवा. नाहीतर नवा बोर्डही त्याच वाटेने जाईल.

वरील सूचना सभासदांनी घरातल्या मुलांना जरूर वाचून दाखवाव्यात. झाकण उघडणारे हात बहुधा त्यांचेच असतात.