मुलांसाठी ‘आतडी बरी करणारा’ आहार: सुरू करण्यापूर्वी काय तपासावे आणि कधी थांबवावा?

मुलाचे पोट वारंवार दुखते, शौचाला कधी पातळ तर कधी कडक होते, अंगावर खाज येते, वजन नीट वाढत नाही. बाहेरचे खाणे बंद केले, जंताचे औषधही दिले, तरी त्रास राहतोच. अशा वेळी कोणीतरी ‘गट हीलिंग डाएट’ सुचवते. गहू, दूध, साखर, भात, बटाटा सगळे बंद करायचे आणि काही महिने सूप, भाज्या व आंबवलेले पदार्थ द्यायचे, म्हणजे आतडी ‘दुरुस्त’ होतील, असे सांगितले जाते. अंधेरीसारख्या भागात अशा आहाराची पॅकेजे, ‘फूड सेन्सिटिव्हिटी’च्या महागड्या तपासण्या आणि ग्लुटेन-फ्री पिठे सहज मिळतात. त्यामुळे डॉक्टरांकडे जाण्याआधीच अनेक घरांत आहार सुरू झालेला असतो.

काही मुलांना एखादा पदार्थ बंद केल्याने खरोखर आराम पडतो. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: मुलाच्या ताटातून पदार्थ काढणे ही एक चाचणी आहे. तिला सुरुवातीची तारीख हवी, तशीच शेवटचीही हवी.

हा आहार आला कुठून?

न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी 1924 साली सीलिॲक आजार असलेल्या मुलांना केळ्यांवर आधारलेला आहार देऊन बरे केल्याचे लिहिले. ब्रेड, बटाटा व धान्ये बंद होती. मुले सुधारली, म्हणून दोष सर्व पिष्टमय पदार्थांचा आहे असे हास यांना वाटले. खरा दोषी गहू होता, हे नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी 1950 च्या प्रबंधात दाखवले. भात आणि बटाटा विनाकारण बंद झाले होते.

हास यांच्या आहारातून पुढे ‘स्पेसिफिक कार्बोहायड्रेट डाएट’ लोकप्रिय झाला. त्यावरून ब्रिटनमधील डॉ. नताशा कॅम्पबेल-मॅकब्राइड यांनी 2004 च्या पुस्तकातून ‘गॅप्स’ आहार मांडला. त्यात सुरुवातीचे सहा टप्पे असतात, हाडांच्या सूपवर भर असतो, सर्व धान्ये आणि बटाटा-साबुदाणा वर्ज्य असतात, आणि पूर्ण आहार दीड ते दोन वर्षे पाळायला सांगितला जातो. ॲलर्जी, स्वमग्नता, चंचलता अशा अनेक तक्रारींवर तो उपयोगी असल्याचा दावा केला जातो. त्याला भक्कम वैद्यकीय पुरावा नाही. स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांसाठी गहू-दूध वर्ज्य करणारे आहार वापरू नयेत, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे.

आहाराने आराम पडला, तरी आहारामागचे सांगितलेले कारण खरे ठरतेच असे नाही. नेमके कोणत्या पदार्थामुळे बरे वाटले, हे शोधल्याशिवाय बाकीचे पदार्थ मुलापासून हिरावू नका.

‘सोसत नाही’ म्हणजे नेमके काय?

बोलताना आपण सगळ्यालाच ‘ॲलर्जी’ म्हणतो. प्रत्यक्षात चार वेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

1. तात्काळ ॲलर्जी: खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांध्या, ओठ सुजणे, उलट्या, दम लागणे. दूध, अंडे, शेंगदाणे, काजू, कोळंबी ही नेहमीची कारणे. आपल्याकडे हरभऱ्याच्या डाळीचीही ॲलर्जी दिसते.

2. उशिरा दिसणारी ॲलर्जी: बहुधा तान्ह्या बाळांमध्ये, गाईच्या किंवा म्हशीच्या दुधातील प्रथिनांमुळे. शौचातून रक्ताचे धागे किंवा शेंब जाते. बहुतेक मुले मोठी होता होता यातून बाहेर पडतात.

3. सीलिॲक आजार: गहू, जव यांतील ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होते. जुलाब, पोट फुगणे, उंची न वाढणे, औषध घेऊनही न भरणारा रक्तक्षय ही लक्षणे. यात ग्लुटेन आयुष्यभर बंद करावे लागते.

4. न पचणे: दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचल्याने गॅस, गुडगुड, जुलाब होतात. लहान मुलांत हे बहुधा जुलाबाच्या आजारानंतर काही आठवडे राहते आणि आपोआप जाते. दही आणि ताक अनेकदा सोसते.

आणि पोटदुखीचे सर्वांत साधे कारण विसरू नका: बद्धकोष्ठता. शाळेतल्या स्वच्छतागृहात जायचे टाळणारे, पाणी कमी पिणारे मूल आठवडाभर पोट धरून बसते. त्यात गव्हाचा काही दोष नसतो.

आधी तपासणी, मग आहार

क्रम उलटा झाला तर निदान हातातून निसटते. सीलिॲकची रक्ततपासणी, म्हणजे टीटीजी-आयजीए आणि सोबत एकूण आयजीए, मूल रोज पोळी-ब्रेड खात असतानाच करायची असते. गहू बंद केल्यावर काही महिन्यांत तपासणी सामान्य येऊ शकते. मग आजार आहे की नाही हे कळण्यासाठी मुलाला पुन्हा सुमारे सहा आठवडे रोज गहू द्यावा लागतो. बरे वाटू लागलेल्या मुलाला पुन्हा त्रासात लोटणे कोणत्याही आई-वडिलांना नकोसे होते.

‘शंभर-दोनशे पदार्थांची फूड सेन्सिटिव्हिटी टेस्ट’ करून घेऊ नका. या तपासण्या बहुधा आयजीजी प्रतिद्रव्ये मोजतात. ती आपण नेहमी खातो त्या पदार्थांविरुद्ध निरोगी माणसातही असतात. युरोप, अमेरिका आणि कॅनडातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी निदानासाठी ही तपासणी वापरू नये असे सांगितले आहे. अहवालात लाल रंगात आलेला तांदूळ किंवा केळे मुलाला सोसत नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची नोंदवही न्या: काय खाल्ले, किती वाजता, त्रास कधी झाला, शौच कसे झाले. सोबत वजन-उंचीच्या जुन्या नोंदी न्या. मोठ्या तपासणीपेक्षा यातून अनेकदा जास्त कळते.

एकदम सगळे बंद केले तर काय होते?

मुंबईतल्या बहुतेक मुलांची भूक वरण-भात, पोळी, दूध आणि बटाट्याच्या भाजीवर भागते. हे चारही एकाच सोमवारी बंद झाले तर उरते फार थोडे, आणि खाण्याच्या बाबतीत हट्टी असलेले मूल तेही नाकारते. आईचे दूध सुटलेल्या लहान बाळांत धोका जास्त. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील डॉक्टरांनी 2001 साली दोन लहान मुलांची नोंद प्रसिद्ध केली. दुधाऐवजी तांदळाचे पेय दिल्याने एकाला प्रथिनांच्या अभावाचा गंभीर आजार झाला, तर सोयाच्या पेयामुळे दुसऱ्याला मुडदूस झाला. दोन्ही घरे सुशिक्षित होती.

हिशेब करून पाहा. चार ते सहा वर्षांच्या मुलाला रोज सुमारे 550 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दोन कप, म्हणजे 400 मिलिलिटर दुधातून जवळजवळ 480 मिलिग्रॅम मिळते. नाचणी चांगली, पण 40 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून साधारण 140 मिलिग्रॅमच मिळते आणि तेही सगळे शोषले जात नाही. दूध काढून ‘रोज थोडे नाचणी सत्त्व देतो’ म्हटल्याने ही तूट भरत नाही. डॉक्टरांनी ठरवलेले कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व द्यावे लागते.

आणखी एक धोका कमी जणांना ठाऊक असतो. इसब असलेले मूल दूध किंवा अंडे पचवत असेल आणि ते बरेच महिने पूर्ण बंद केले, तर शरीराची सवय मोडू शकते. पुढे तोच पदार्थ दिल्यावर तीव्र ॲलर्जी होऊ शकते.

अशा आहारांतील काही गोष्टी मुलांसाठी थेट घातक आहेत. कच्चे दूध आणि कच्चे अंडे देऊ नका. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नका. त्यातून बोटुलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो.

डॉक्टरांनी आहार-चाचणी सुचवली तर

- एका वेळी एकच गट बंद करा. दूध आणि गहू एकत्र बंद केले, तर आराम कशामुळे पडला हे कधीच कळणार नाही.
- मुदत ठरवा. बहुधा दोन ते चार आठवडे पुरतात. तारीख कॅलेंडरवर लिहा.
- बदली पदार्थ आधी ठरवा. गहू बंद असेल तर तांदूळ, ज्वारी, नाचणी, वरई, राजगिरा, साबुदाणा सगळे चालते. दूध बंद असेल तर डाळी, अंडी, मासे आणि डॉक्टरांनी सांगितलेला पर्याय द्या.
- लपलेले पदार्थ शोधा. बाजारातील बांधणी हिंगात बहुधा मैदा असतो. गिरणीत गव्हामागून दळलेल्या ज्वारीत गव्हाचे पीठ मिसळते. सीलिॲक असेल तर धान्य घरीच दळा किंवा ग्लुटेन-फ्री छाप पाहा. भारतीय नियमांनुसार त्यात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावे. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर खिचडी, कोशिंबीर, उसळ यांतले कूट लक्षात ठेवा.
- दर दोन आठवड्यांनी वजन करा. वजन घटले तर तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा.
- पदार्थ परत द्या. काहीच फरक पडला नाही, तर तो निर्दोष आहे. फरक पडला असेल, तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडा थोडा देऊन पाहा. त्रास परतला तरच निदान पक्के. मात्र पूर्वी गांध्या, सूज किंवा दम लागला असेल तर घरी देऊन पाहू नका. ही चाचणी रुग्णालयातच होते.

आजी-आजोबा, पाळणाघर आणि शाळा यांना आधी सांगा. ‘एक घास दिल्याने काय होते?’ हा प्रश्न प्रेमापोटी येतो. त्यावर ‘तीनच आठवडे, अमुक तारखेपर्यंत’ हे उत्तर ‘याला कायमचे बंद आहे’ यापेक्षा लवकर पटते. सोसायटीतल्या वाढदिवसाला जाण्यापासून मुलाला रोखू नका. त्याचा खाऊ डब्यात द्या. मुलासमोर पदार्थांना ‘विष’ किंवा ‘घाणेरडे’ म्हणू नका. खाण्याची भीती बसली की ती काढणे फार कठीण जाते.

लगेच डॉक्टरांकडे केव्हा न्यावे?

- वजन घटणे, उंची न वाढणे
- शौचातून रक्त, हिरवी उलटी, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी
- सतत ताप, सांधे सुजणे, फिकटपणा
- लघवी कमी होणे, मूल मलूल होणे

खाल्ल्यावर दम लागणे, आवाज बसणे, चेहरा सुजणे, मूल गळून जाणे, यांपैकी काही झाले तर 108 वर फोन करा किंवा जवळच्या तातडीच्या विभागात जा. अशा वेळी ॲड्रेनालिनचे इंजेक्शन लागते. फक्त ॲलर्जीची गोळी देऊन घरी थांबू नका. मुलाला आडवे ठेवा, दम लागत असेल तर बसू द्या, चालवू नका.

खासगी पॅकेज घेण्यापूर्वी तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना भेटा. अंधेरीहून कूपर रुग्णालय जवळ आहे; गरज पडल्यास परळच्या वाडिया बालरुग्णालयासारख्या ठिकाणी पुढे पाठवले जाते. आहार आधीच सुरू केला असेल तरी लपवू नका. काय बंद आहे आणि कधीपासून, एवढे सांगितले तरी पुढचा मार्ग सोपा होतो.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या मुलाचा आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्या.*