पाठ न केलेले नाटक

गोव्याच्या पेडणे भागात व शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात कार्तिकापासून जत्रांचे दिवस सुरू झाले, म्हणजे देवळापुढील मांडवात दशावतारी नाटके होऊ लागतात. राजा, राणी, नारद व राक्षस रात्रभर बोलतात, वाद घालतात, युद्ध करतात. परंतु त्या संवादांची वही परंपरेने कोणाजवळच नसते, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात येते?

खेळापूर्वी मंडळीचा प्रमुख त्या रात्रीचे आख्यान सांगतो आणि भूमिका वाटून देतो. कथेचा क्रम ठरतो. भाषण मात्र नटाने रंगभूमीवर उभ्याउभ्याच रचावयाचे असते. समोरचा काय बोलेल हे त्यास नेमके ठाऊक नसते. तरीही तो गडबडत नाही, याचे कारण काय असावे?

आमच्या मते कारणे तीन आहेत. पहिले, त्याच्यापाशी साठा असतो. रामायण, महाभारत व पुराणे यांतील कथा आणि राजाच्या मुखी शोभणारी भाषा त्याने वर्षानुवर्षे ऐकून मुरविलेली असते. ऐन वेळी सुचते ते आधी साठविलेलेच सुचते. अभ्यास टाळणाऱ्यास ही विद्या साध्य होत नाही.

दुसरे, तो लक्षपूर्वक ऐकतो. समजा, राजाने अचानक विचारले, "मुनिवर्य, आज मुद्रा म्लान का?" हा प्रश्न नारदाला अनपेक्षित असला, तरी त्याने तो झिडकारावयाचा नाही. "राजा, तुझ्याच प्रजेचे दुःख पाहून आलो," असे म्हणून त्यातूनच कथा पुढे न्यावयाची. तिसरे, एकाचा शब्द अडला, तर दुसरा सावरून घेतो. आपण एकटे नाही, ही जाणीव भीतीला अर्धी करते.

अमेरिकेतील शिकागो शहरी व्हायोला स्पोलिन या विदुषीने, परदेशांतून आलेल्या कुटुंबांतील मुलांना घेऊन याच तत्त्वांवर नाट्यखेळ रचले. १९६३ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. समोरच्याच्या हालचालींचे आरशाप्रमाणे अनुकरण करणे, हा त्यांतील एक खेळ. त्यात पुढचे ठरवीत बसता येत नाही, पाहावेच लागते.

हे सर्व आपल्या कामाचे आहे. घरी कोकणी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या आम्हां मंडळींस शब्द चुकण्याची धास्ती फार. म्हणून आपण भाषण घोकतो. आणि मग एक वाक्य विसरले, की सारे भाषणच कोसळते. घोकणाऱ्याचा भरवसा शब्दांवर असतो, दशावतारी नटाचा विषयावर. शब्द हरवतो; समजलेला विषय सहसा हरवत नाही.

तेव्हा वर्गात एक खेळ करून पाहावा. दोघांनी उभे राहावे. एक उतारू, दुसरा नावाडी. शेवटची होडी सुटून गेली आहे. पाच मिनिटे संभाषण चालवावे. नियम दोनच: समोरच्याचे म्हणणे खोडावयाचे नाही, आणि चुकलेल्यास हसावयाचे नाही. आरंभी जीभ अडखळेल. पण अडखळल्यावरही पुढे जाता येते, हे मुलांना स्वतः अनुभवून कळेल.

तोंडी परीक्षा, नोकरीची मुलाखत, घरावर अवचित आलेले संकट, यांचे संवाद कोणी आधी लिहून देत नाही. तेथे साठा, कान आणि सोबती हीच आपली शिदोरी होय. ती शाळेतच बांधून घेतलेली बरी.