गुलाबी रंगाची प्रतिष्ठा

सुरतेच्या पूर्व भागात पर्वत पाटिया नावाची वस्ती आहे. नाव ऐकून कोणी तेथे डोंगर पाहावयास गेला, तर त्याची निराशा होईल. कापडाची दुकाने आहेत, वाहनांची गर्दी आहे. पर्वत तेवढा नाही. तेव्हा श्रोतेहो, नावावर विसंबू नये एवढा धडा घेऊन आपण तेथल्या एखाद्या साडीच्या दुकानात शिरू. कारण आजचा आपला विषय गुलाबी रंग हा असून त्याचीही गत काहीशी अशीच आहे.

‘गुलाब’ हा शब्द फारसीतून आला. ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. अर्थात रंगाच्या नावातच रंग नाही, पाणी आहे! इंद्रधनुष्यात शोधावे, तर सात रंगांच्या पंगतीत गुलाबीचे पानच मांडलेले नाही. तांबड्यात पांढरा मिसळला म्हणजे हा जन्मास येतो. अशा या निराधाराची गडद छटा कापडाच्या बाजारात मात्र ‘राणी’ म्हणून ओळखली जाते. इतर रंगांनी मोर, डाळिंब, अबोली यांची नावे उसनी घ्यावी आणि याने एकदम सिंहासनावर बसावे, हे नवल नव्हे काय?

या राणीचा अभिषेक सोपा नसतो. पॉलिएस्टरचा धागा साध्या पाण्यात सहजी रंग धरीत नाही. बंद यंत्रात, दाबाखाली, पाणी सुमारे १३० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले म्हणजे रंग धाग्यात शिरतो. सुरतेच्या कापडधंद्यात राबणाऱ्यांत खानदेशातून आलेले कितीतरी मराठी बांधव आहेत.

आता पुरुषवर्गाचे मत घ्या. हा रंग बायकी, असे म्हणून कचेरीत गुलाबी सदरा घालण्यास जो गृहस्थ धजत नाही, तोच पुतण्याच्या लग्नात गुलाबी फेटा बांधून वरातीच्या अग्रभागी छाती काढून चालतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजार रुपयांची गुलाबी नोट निघाली, तेव्हा ‘हा रंग आम्हांस शोभत नाही’ म्हणून कोणा पुरुषाने ती परत केल्याचे ऐकिवात नाही. मे २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती चलनातून मागे घेण्याचे ठरविले, त्याचेही कारण रंग नव्हे. अमेरिकेतील एका व्यापारी मासिकाने तर १९१८ साली गुलाबी रंग मुलग्यांसाठी व निळा मुलींसाठी योग्य, असा निर्वाळा दिला होता. पुढे व्यापाराचे वारे फिरले आणि शहाणपणही फिरले.

परंतु खानदेशातील कापूस पिकविणाऱ्यापुढे या रंगाची थट्टा करू नये. शहरातल्या माणसाची थंडी गुलाबी, स्वप्नेही गुलाबी. शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र गुलाबी बोंडअळी येते. ही अळी लहानपणी पांढुरकी असते व वाढता वाढता गुलाबी होते. ती बोंडात शिरून आतली सरकी खाते; बाहेरून बोंड साजरे दिसते, आत रुई डागाळलेली असते. २०१७ च्या हंगामात तिने महाराष्ट्रात हाहाकार उडविला.

येथे या दोन गुलाबींची गाठ पडते. जळगाव-धुळ्याकडची मंडळी लग्नाचा बस्ता घेण्यासाठी सुरतेस जातात. कापसाचे पैसे हाती आले, तर नवरीसाठी राणी रंगाची साडी निघते. अळीने बोंडे पोखरली, तर दुकानदाराने उलगडलेली तीच साडी वधूपिता हळूच बाजूला सारतो. अशा वेळी रंग बायकी की पुरुषी, हा प्रश्न कोणास सुचावा?

म्हणून कामगंध सापळे वेळीच लावावेत, फरदडीचा मोह टाळून हंगाम संपताच पऱ्हाटी उपटून तिची विल्हेवाट लावावी, असे कृषितज्ज्ञ सांगतात. गुलाबी रंगाची खरी प्रतिष्ठा राखावयाची असेल, तर ती प्रथम बोंडाच्या आत राखावी लागते. तेथे तो दिसला नाही, म्हणजे मांडवात आपोआप दिसू लागतो.