राष्ट्रपती भवनातील खानदेशी यजमान

सुरत–भुसावळ लोहमार्गावरील चिंचपाड्यासारख्या छोट्या गावातही व्यापारी घराची पत दुकानाच्या गादीइतकीच जेवणाच्या पंगतीत जोखली जाते. पाहुणा निराळ्या रीतीचा असला की गृहिणीपुढे पेच पडतो : आपला नियम राखावा की त्याचे मन? याच खानदेशातील नाडगावच्या श्रीमती प्रतिभाताई पाटील २५ जुलै २००७ रोजी राष्ट्रपती झाल्या आणि हा पेच त्यांच्यापुढे राष्ट्राच्या पातळीवर उभा राहिला.

प्रतिभाताई स्वतः शाकाहारी. त्यांचे पती, अमरावतीचे माजी महापौर डॉ. देवीसिंह शेखावत, हे राष्ट्रपती भवनातील पहिलेच ‘यजमानीणबाईंचे यजमान’! त्यांच्या भूमिकेला पूर्वीचा दाखला नव्हता. त्यातच २००८च्या प्रजासत्ताकदिनी फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी प्रमुख पाहुणे होते. त्यांच्यासोबत तेव्हा अविवाहित असलेल्या कार्ला ब्रुनी येणार का, आणि आल्यास त्यांचा मान कोणता, या प्रश्नाने राजशिष्टाचार अधिकाऱ्यांची झोप उडाली. अखेर सार्कोझी एकटेच आले. ८ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा दांपत्य शाही मेजवानीस होते.

राष्ट्रपती भवनाच्या भोजनकक्षात १०४ पाहुणे एका मेजावर बसतात. माजी राष्ट्रपतींच्या तैलचित्रांवरील दिव्यांच्या इशाऱ्याने वाढपी वाढतात आणि ताटे उचलतात, आरडाओरडा नाही. प्रतिभाताईंच्या काळात पाहुण्यास सामिष पदार्थ मिळत असे, मात्र मद्य दिले जात नसे. शुभेच्छांचा प्याला फळांच्या रसाचा. एवढ्याने कोणत्याही महासत्तेचा अपमान झाल्याचे ऐकिवात नाही. व्यवहाराच्या जेवणात ‘एक घोट तरी घ्याच’ म्हणणाऱ्यांपुढे संकोचणाऱ्या आपल्या तरुणांनी हे ध्यानात घ्यावे.

हिशेबाची बाजूही नोंदली पाहिजे. त्यांच्या परदेश दौऱ्यांवर दोनशे कोटींहून अधिक रुपये खर्च झाले आणि त्यावर टीकाही झाली. ती सर्वस्वी अनाठायी म्हणता येत नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये हेच दांपत्य विंडसर राजवाड्यात राणी एलिझाबेथ यांचे पाहुणे होते.

एक अडचण मात्र उरते. शाही मेजवानी रात्रीचीच असते. चौविहार पाळणाऱ्यास तेथे पाणीही वर्ज्य. अशा निमंत्रिताने होकार कळवतानाच आपला नियम कळवावा, सूर्यास्तापूर्वी घरी जेवून निघावे आणि मेजावर रिकाम्या ताटापुढे प्रसन्न मुद्रेने बसावे.