चालकाविना गाडी आणि इंदूरचा रस्ता

भोवतालची परिस्थिती स्वतः टिपणारी, तिचा अर्थ लावणारी आणि माणसाने क्षणोक्षणी आज्ञा न देताही पुढची कृती ठरवणारी यंत्रे हा संगणकशास्त्र व अभियांत्रिकीतील ‘स्वायत्त प्रणाली’ या शाखेचा विषय होय. या शाखेची चर्चा बहुधा कॅलिफोर्नियातील मोटारींपासून सुरू होते आणि तिथेच संपते. वास्तविक असे यंत्र किती स्वायत्त आहे हे त्याच्या बुद्धीइतकेच ते ज्या जागी चालते त्या जागेवरही अवलंबून असते, आणि ही गोष्ट समजून घेण्यास इंदूरसारखे दुसरे सोयीचे शहर क्वचितच सापडेल. कारण यंत्रासाठी मुद्दाम आखलेली वाट, त्याची परीक्षा घेणारे मैदान आणि कोणत्याही यंत्राची पर्वा न करणारा रस्ता ही तिन्ही येथे शहरात किंवा शहराच्या जवळपास आहेत.

आखलेली वाट म्हणजे मेट्रो. अहिल्याबाई होळकरांच्या त्रिशताब्दी जयंतीच्या दिवशी, 31 मे 2025 रोजी, इंदूर मेट्रोचा सुमारे सहा किलोमीटरचा आणि पाच स्थानकांचा पहिला टप्पा सुरू झाला. अल्स्टॉम कंपनीने बांधलेल्या तिच्या तीन डब्यांच्या गाड्या पुढेमागे चालकाविनाही धावू शकतील अशा रचनेच्या आहेत. रेल्वेच्या स्वयंचलनाच्या श्रेणी ठरलेल्या असून त्यांतील चौथ्या, म्हणजे सर्वोच्च, श्रेणीत गाडी सुरू करणे, थांबवणे, दारे उघडणे आणि अडचण आल्यास सावरणे ही सर्व कामे गाडीत कर्मचारी नसतानाही पार पडतात. दिल्लीच्या मॅजेंटा मार्गावर भारतातील पहिली चालकविरहित गाडी 28 डिसेंबर 2020 रोजी धावली. तथापि हे यश गाडीच्या हुशारीपेक्षा मार्गाच्या साधेपणाचे अधिक आहे. रूळ जमिनीपासून उंच किंवा जमिनीखाली असतो, त्यावर कुणी आडवे येत नाही, आणि प्रत्येक गाडी आपले स्थान रेडिओद्वारे सतत कळवत असल्यामुळे मागच्या गाडीने किती अंतर राखावे हे गणिताने निश्चित करता येते. येथे अभियंत्यांनी यंत्राला जग शिकवण्याऐवजी जगच यंत्राला झेपेल इतके सोपे करून ठेवले आहे, आणि यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.

परीक्षेचे मैदान शेजारच्या धार जिल्ह्यात पिथमपूरला आहे. ‘नॅट्रॅक्स’ या तेथील वाहनचाचणी केंद्रातील 11.3 किलोमीटर लांबीच्या आणि 16 मीटर रुंदीच्या अतिवेगवान धावपट्टीचे उद्घाटन तत्कालीन केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांनी 29 जून 2021 रोजी केले. याच केंद्राच्या आवारात अभियांत्रिकीचे विद्यार्थी अनेक वर्षे ‘बाहा’ स्पर्धेसाठी स्वतः बांधलेल्या, खडबडीत जमिनीवर धावणाऱ्या गाड्या घेऊन येत आले आहेत, आणि या स्पर्धेच्या शाखांत अलीकडे चालकविरहित गाडीचीही भर पडली आहे. अशी गाडी बांधू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढचा पहिला प्रश्न ‘समोर काय आहे’ हा असेल असे बाहेरच्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात त्याआधीचा आणि अधिक चिवट प्रश्न असतो तो ‘गाडी स्वतः कुठे आहे’ हा. उपग्रहांवरून मिळणारे स्थान काही मीटरने चुकू शकते. चाकांचे फेरे मोजून काढलेले अंतर आरंभी अचूक असते, पण चाक घसरले की त्यात चूक शिरते आणि ती साचत जाते. दोन्ही साक्षीदार असे अर्धवट विश्वासाचे असताना प्रत्येकाच्या साक्षीला तिच्या भरवशाच्या प्रमाणात वजन देऊन सर्वांत संभाव्य उत्तर काढण्याची रीत रुडॉल्फ काल्मन यांनी 1960 साली मांडली. ‘काल्मन फिल्टर’ या नावाने ओळखली जाणारी ही रीत अपोलो यानांच्या दिशादर्शनात वापरली गेली आणि आजही या शाखेच्या पायाशी आहे. मात्र आजचा विद्यार्थी कॅमेरा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांकडे जितक्या ओढीने वळतो तितका या जुन्या गणिताकडे वळत नाही, ही खेदाची बाब म्हणावी लागेल.

आता रस्ता. इंदूरच्या राजवाड्याच्या भोवतालच्या गल्ल्यांत पायी चालणारे, हातगाड्या, ई-रिक्षा आणि दुचाक्या एकाच पट्ट्यातून वाट काढतात, आणि रस्ता कुठून ओलांडायचा हे ओलांडणाराच ठरवतो. अशा ठिकाणी यंत्राचे काय होईल याचा अंदाज मार्च 2018 मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील टेंपी येथे घडलेल्या अपघातावरून बांधता येतो. उबर कंपनीच्या चाचणीतील मोटारीने सायकल हाती धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला धडक दिली आणि त्यात तिचा मृत्यू झाला. चौकशीत असे आढळले की यंत्राला ती धडकेच्या 5.6 सेकंद आधीच दिसली होती. परंतु तिला कधी मोटार, कधी अज्ञात वस्तू, तर कधी सायकल ठरवताना प्रत्येक बदलासरशी ते तिच्या आधीच्या हालचालीची नोंद टाकून देत होते, आणि ओलांडण्यासाठी आखलेल्या पट्ट्यांबाहेर पादचारी असू शकतो ही शक्यता त्याच्या रचनेतच नव्हती. टेंपीत जो अपवाद होता तो इंदुरात नित्याचा व्यवहार आहे. ही अडचण ओळखूनच हैदराबादच्या ट्रिपल आयटीने इंटेलच्या साहाय्याने 2018 साली भारतीय रस्त्यांच्या 10,000 चित्रांचा संग्रह तयार केला. त्यात ऑटोरिक्षा आणि जनावरे यांचे स्वतंत्र वर्ग तर आहेतच, शिवाय रस्ता नसलेल्या पण गाडी जाऊ शकेल अशा कडेच्या जमिनीचाही एक वेगळा वर्ग करावा लागला.

अशा यंत्राची सुरक्षितता केवळ रस्त्यावर फिरवून सिद्ध करता येत नाही. अमेरिकेतील रँड या संस्थेने 2016 मध्ये केलेल्या हिशेबानुसार, स्वायत्त मोटार प्राणघातक अपघातांच्या बाबतीत तिथल्या मानवी चालकाइतकी सुरक्षित आहे असे 95 टक्के खात्रीने म्हणायचे तर तिने अशा एकाही अपघाताविना सुमारे 44 कोटी किलोमीटर धावले पाहिजे. म्हणून बरीचशी परीक्षा संगणकात उभ्या केलेल्या कृत्रिम रस्त्यांवर घ्यावी लागते. सिमरोल येथील आयआयटी इंदूरमधल्या ‘दृष्टी’ या केंद्राकडे प्रणालींचे प्रतिरूपण आणि दृश्यांकन, म्हणजे खऱ्या यंत्राची गणिती प्रतिकृती संगणकात चालवून व डोळ्यांना दिसेल अशी करून तपासणे, हाच विषय सोपवलेला आहे. संगणक आणि भौतिक यंत्रे यांच्या संयोगावर संशोधन करण्यासाठी 2018 च्या डिसेंबरात मंजूर झालेल्या 3,660 कोटी रुपयांच्या राष्ट्रीय मोहिमेतील 25 केंद्रांपैकी हे एक आहे. अर्थात प्रतिकृतीत तेच घडते जे तिच्या कर्त्याला सुचले असते, आणि टेंपीचा पादचारी कुणालाच सुचला नव्हता.

कायद्याने मात्र थोडी वाट मोकळी ठेवली आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली घातलेल्या कलम 2-ब नुसार संशोधनास चालना देण्यासाठी विशिष्ट प्रकारच्या वाहनांना कायद्यातील तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आहे. शेजारच्या भोपाळमधील ‘स्वायत्त रोबोट्स’ ही कंपनी महिंद्रा बोलेरो गाडीवर अशाच गर्दीच्या, पट्टे नसलेल्या रस्त्यांसाठी प्रयोग करीत आहे. तरीही इंदूरच्या विद्यार्थ्याला या विद्येचा पहिला उपयोग राजवाड्याच्या चौकात होण्यापेक्षा कारखान्याच्या छताखाली माल वाहणाऱ्या गाड्यांत, गोदामांत किंवा माळव्यातील सोयाबीनच्या शेतावर फवारणी करणाऱ्या ड्रोनमध्ये होण्याची शक्यता कितीतरी अधिक आहे, कारण तेथील जागेची सीमा आधीच ठरवता येते.