मालवणला जायचं तर तिथी बघा

या रे बाळांनो, जवळ बसा. मालवणला होडीतून जाऊन खडकांतली डबकी बघायची आहेत ना? मग गाडीचं आरक्षण नंतर. आधी भिंतीवरचं कालनिर्णय काढा.

ही डबकी भरतीला दिसतच नाहीत. पाणी उतरलं की खडक उघडे पडतात, खळग्याखळग्यांत समुद्र थोडा थोडा मागे राहतो आणि काही तासांत पुन्हा सगळं एक होतं. हे घडवतो मुख्यतः चंद्र. त्याच्या ओढीनं पृथ्वीवरच्या पाण्याला दोन फुगवटे येतात, एक त्याच्याकडच्या अंगाला, एक विरुद्ध अंगाला. म्हणून दिवसाकाठी दोन भरत्या. पण पृथ्वी स्वतःभोवती फिरून येईतो चंद्र पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला तिला आणखी सुमारे 50 मिनिटं लागतात, तेवढीच भरती रोज उशिरा येते. त्यावरून किनाऱ्यावरच्या लोकांनी काय सुंदर हिशेब बसवलाय बघा! तिथीला तीनानं गुणा, चारानं भागा. येईल ती भरतीची वेळ.

वद्य तृतीया घ्या. तीन त्रिक नऊ, भागिले चार, सव्वादोन. पहाटे सव्वादोनला भरती, त्यात सहा तास आणि वर थोडी मिनिटं मिळवली की साडेआठच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. हा झाला अंदाज. नेमक्या वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघायच्या.

तृतीयाच का? सूर्यही पाणी ओढतो, चंद्राच्या निम्म्याहून थोडं कमी. पौर्णिमा-अमावास्येला दोघांची ओढ एका रेषेत येते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास ती काटकोनात असते, तो भांग. तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. अष्टमीची ओहोटी भर दुपारी येते, सोयीची वाटते, पण खडक फारसे उघडत नाहीत. पौर्णिमेला पाणी छान उतरतं, पण पहाटे अंधारात नाहीतर दिवस मावळताना. तृतीयेला उधाणाचा जोर अजून असतो आणि ऊन कोवळं.

आता होडीचा पेच. होडीला पाणी हवं, आपल्याला ते नको. म्हणून पाणी उतरत असतानाच निघायचं, ओहोटीच्या दीड-दोन तास आधी. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ खडक कुठे लपलेत ते तांडेलाला ठाऊक असतं. तो सांगेल तिथेच उतरायचं. 1664 साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला. 1987 पासून इथला 29.12 चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य आहे.

आणि हे नीट ऐका. ओहोटीनंतर पहिला तास पाणी जागचं हलत नाही असं वाटतं. पण चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन भाग येतात. निम्मं पाणी त्या मधल्या दोन तासांत! म्हणून पाणी फिरलं की आपणही फिरायचं.

डबक्याशी उकिडवं बसायचं, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. मग हळूहळू सगळे बाहेर येतात. रिकाम्या शंखात बिऱ्हाड केलेला खेकडा चालू लागतो, समुद्रपुष्प आपले डंखाचे हात पसरतं. केवढं सोसतात हे जीव! दुपारी पाणी तापतं, वाफ होऊन जास्तच खारट होतं. रात्री शेवाळ प्राणवायू बनवायचं थांबतं, आणि श्वास मात्र सगळ्यांचा चालूच असतो.

नशीब असेल तर प्रवाळ दिसेल. तो दगडासारखा दिसतो, पण ते असंख्य चिमुकल्या प्राण्यांचं घर आहे. त्यांच्या अंगात एकपेशीय शैवाल राहतं, उन्हात अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं यजमानाला देतं. पाणी फार तापलं की ही सोबत तुटते, रंग जातो आणि प्रवाळ पांढरा पडतो. 1998 मध्ये जगभर असं झालं. पाणी लवकर थंड झालं तर तो सावरतो, नाहीतर उपाशी मरतो. त्याच्यावर पाय द्यायचा नाही. तुकडाही उचलायचा नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे. आणि रिकामा शंखही तिथेच ठेवायचा, कुठल्यातरी वाढत्या खेकड्याला तो लागणार असतो.

पावसाळ्यात होड्या बंद असतात, म्हणून कार्तिक वद्य तृतीया धरू. ती कोणत्या वारी येते बघा. शाळेचा दिवस निघाला तर तुमच्या बाईंशी मी बोलतो.